तरफेचं गणित

बहात्तरच्या दुष्काळात बनू शाळा बुडवून आईबरोबर संगमनेरच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होती. तिच्या वर्गातली खातून रोज दुपारच्या सुट्टीत वही घेऊन तिथं यायची. तरफेचं गणित बनूला काही केल्या उमगेना, तेव्हा खातूननं तिच्या हातात पहार दिली.

"मधी धरून धोंडा हलव. आता टोकाला धरून हलव."

"टोकाला धरलं की लई हलका लागतोय गं!"

"व्हय ना? आता हेच वहीत मांड."

वार्षिक परीक्षेत पदार्थविज्ञानात बनू पहिली आली, खातून दुसरी. खातूनच्या अब्बांचा चेहरा उतरला.

"दरसाल तुझा असणारा नंबर यंदा बनूनं नेला?"

खातूननं मान ताठ केली.

"नेला न्हाई, अब्बा. तिला पहिली मीच आणली."