बोका पडला का?

"आलं का?" गच्चीवरून भिवाजी ओरडला.

"नाही! नागपूरकडं फिरवा अजून!" खालून, टीव्हीसमोरून जयवंताचं उत्तर आलं.

स्वयंपाकघरात पंचफुलानं तव्यावर भाकर टाकली आणि कान दाराकडं लावले. तिच्या नवऱ्याचा आणि लेकाचा अबोला साऱ्या रामाकोना गावाला ठाऊक होता. दोन वर्षांमागं जयवंता बसवर कंडक्टर झाला, तेव्हा बाप म्हणाला, "संत्र्याची बाग सोडून तिकिटं फाडतो, तो माझा लेक नाही." लेकही त्याच बापाचा. तेव्हापासून त्याच्या तोंडून 'बाबा' निघालं नव्हतं. ताटात मीठ कमी पडलं तरी दोघं पंचफुलालाच सांगत. मधल्या मधी बाईचा जीव विटून गेला होता.

पण रविवारी सकाळी कार्टून लागायचं, आणि अँटेना फिरवायचं काम काही निरोपानं होत नाही.

"आता?"

"आलं, आलं! पाइप सोडू नका, मुंग्या येतात!"

मग म्हातारा पाइप धरून वरच उभा राही, आणि कार्टून त्याला खालून सांगावं लागे.

"काय करून राहिला बोका?"

"उंदरामागं धावून राहिला! गेला कड्याच्या पुढं! हवेतच पळून राहिला!"

"पडला का?"

"कसा पडन? खाली पाहिलंच नाही ना त्यानं!"

गच्चीवर भिवाजी खदखदून हसला.

मेलं दर रविवारी तेच, पंचफुलाला वाटलं. बोका कड्यावरून जातो, डोक्यावर ऐरण पडते, पापडासारखा चपटा होतो, अन् पुन्हा उठून धावतो. तिला तर टीव्हीची नुसती खरखर ऐकू येत होती. पण या दोघांचं बोलणं व्हावं म्हणून तिनं जामसांवलीच्या मारुतीला नवस केला होता, आणि मारुतीनं बोका धाडला होता. तक्रार कशाला करा?

बोलणं तुटायची तिला फार भीती वाटे. गुरुवारी वानरांनी गच्चीवर धुमाकूळ घातला, तेव्हाही तिला आधी अँटेनाच आठवली होती. भिवाजी एकटाच काठी घेऊन वर गेला आणि उतरल्यावर म्हणाला, "काही नाही, वड्या नेल्या तुह्या."

"आता काय झालं?" वरून आवाज आला.

"ऐरण पडली डोक्यावर!"

"अरे अरे! लागलं असन ना त्याले?"

"त्याले काही लागत नाही, बाबा! उठला पाहा!"

तव्यावरची भाकर करपली तरी पंचफुला हलली नाही. मग पदरानं डोळे पुसत ती मागच्या अंगणातली शिडी चढू लागली. आता नवऱ्याला हाताला धरून खाली आणायचं, लेकाजवळ बसवायचं.

"अहो, ऐकलं का? बाबा म्हणाला तो तुम्हाले! चला ना—"

भिवाजी कठड्याला टेकून बसला होता. गाल ओले होते. हात रिकामे होते. पाइपाच्या टोकाला काहीच नव्हतं. वानरांनी मोडलेली अँटेना कोपऱ्यात पोत्याखाली पडली होती, तुटलेल्या तारेसकट.

त्यानं बायकोला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, आणि खाली ओरडला, "दिसते का रे नीट?"

"एकदम साफ, बाबा!" खालून जयवंता म्हणाला. "बोका अजून हवेतच हाय!"