कोमट पाणी

पडदा ओढून सिस्टर आजोबांचं अंग पुसत होत्या. "जरा कूस बदलूया हं आजोबा. पाणी कोमट आहे, आज ओरडायचं नाही." मदतीला उभ्या असलेल्या नव्या नर्सने हातातला टॉवेल तोंडावर दाबून धरला. आजोबा मघाशीच गेले होते.

"पलीकडच्या कॉटवरचे काका ऐकतायत," सिस्टर तिच्या कानाशी पुटपुटल्या. "दोघांची भारी गट्टी होती. आत्ता त्यांना ऑपरेशनला न्यायचंय, धसका घेतील. रडायचं ते नंतर."

अंग पुसून होईपर्यंत त्यांनी बडबड थांबवली नाही. मग चेहऱ्यावर हसू आणून त्या काकांचं बीपी बघायला गेल्या.



काकांनी त्यांचा हात घट्ट धरला. "एवढं अंग पुसलंत आणि म्हाताऱ्याने एक शिवी हासडली नाही. गेला ना? रडून घ्या सिस्टर, मी भिंतीकडे तोंड करून झोपतो."