जाळ्यातली खिडकी

"आज?" तिनं दारातच विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले आणि गमबूट काढायला पायरीवर बसले.

"एकही पाकट नाही?"

"नाही म्हटलं ना. घरात तरी येऊ दे."

तिला हसू आवरेना. आतून आईचा आवाज आला, "जाळ्यात काही आलं नाही म्हणून नाचणारी कोळ्याची पोर जगात तू एकटीच असशील!"

"बाकीची मासळी आलीय की भरपूर," ती म्हणाली. "फक्त पाकट नाही, मुशी नाही. हेच तर हवं होतं!"

मत्स्य खात्याच्या कार्यालयात ती संशोधनाचं काम करायची. बंदरावर तिला माशांची डॉक्टर म्हणत. बोटीत पाऊल टाकलं की या डॉक्टरीणबाईंचं पोट ढवळून निघायचं, त्यामुळे त्यांची सगळी डॉक्टरकी किनाऱ्यावरच चाले. यावरून खलाशी तिची मनसोक्त थट्टा करायचे आणि तीही ऐकून घ्यायची.

थट्टा सोसवत होती, पाकटांचे हाल सोसवत नव्हते. पंखांसारखं अंग पसरून वाळूलगत पोहणारा हा जीव. उशिरा वयात येतो, पिल्लं देतो ती मोजकीच. तळ खरवडत जाणारं जाळं कोळंबीबरोबर त्यालाही ओढून आणतं. ती लहान असताना बाबांच्या बोटीवर पाकटांचा असा खच पडायचा की पाय ठेवायला जागा नसे. आता पाकट आणि मुशी, म्हणजे लहान शार्क, पकडायला कायद्यानं बंदी होती. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही.

म्हणून तिनं खिडकी बनवून घेतली. घरात सगळे तिला खिडकीच म्हणत. जाळ्याच्या गळ्याशी बसवायची पोलादी गजांची चौकट. लहान मासळी गजांमधून आत जाणार, रुंद अंगाचं पाकट गजांवर आपटून वरच्या फटीतून बाहेर निसटणार. बोटवाल्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि परत केली. मासळीही निसटेल, म्हणाले. शेवटी पदरात घेतली ती बाबांनी, तेही अट घालून.

"जाळं माझं. शिवणार मी. बोटीवर तुमच्या खात्याचा माणूस पहाऱ्याला नको."

तिनं मान्य केलं. बाबांच्या शब्दावर सारं बंदर विश्वास ठेवायचं, मग तिनं का ठेवू नये?

तिच्या कार्यालयातल्या साहेबांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "हंगाम संपायच्या आत ही चौकट उपयोगाची आहे हे दाखवा. नाहीतर विषय बंद. पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. रात्री झोप येईना, जेवण जाईना. बाबांची बोट लागली की तिचा तोच प्रश्न आणि बाबांचं तेच उत्तर.

"आणि खिडकी? वाकली-बिकली नाही ना?"

"जशी दिलीस तशी आहे."

तुलना करायला ती बाकीच्या बोटींवरही चौकशी करायची. तिथंही सगळे माना हलवायचे. "छे हो ताई, पाकट दिसतच नाही हल्ली!" तिला कळून चुकलं होतं. बंदीमुळे पकडलेलं पाकट मेलं की वाटेतच पाण्यात लोटून द्यायचं आणि बंदरात साळसूद चेहऱ्यानं उतरायचं, ही यांची रीत.

"गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलतात," एकदा ती घरी येऊन तणतणली. "एकजात सगळे!"

"सगळेच?" बाबांनी विचारलं.

"सगळेच. तुम्ही सोडून."

बाबांनी ताटातला घास चिवडला. हल्ली ते जेवताना फार बोलत नसत. दमत असतील, असं तिला वाटलं.

हंगाम संपत आला आणि साहेब विरघळले. "तुमच्या वडिलांचं नाव मीही ऐकून आहे. ते नाही म्हणतात म्हणजे नाही. सगळ्या बोटींना ही चौकट सक्तीची करू. उद्याच्या बैठकीत ठेवायला ती घेऊन या."

ती धावतच धक्क्यावर गेली. बाबा बोटीत एकटेच जाळं सांधत बसले होते. पोट ढवळेल याची पर्वा न करता ती आत उतरली.

"बाबा, जिंकलो आपण! सगळ्या बोटींना खिडकी बसणार. उद्यापुरती सोडवून द्या मला."

बाबांचा हात थांबला. त्यांचा चेहरा बघून ती घाबरली.

"बरं नाही वाटत का?"

ते उठले. पुढच्या कप्प्यावरची ताडपत्री त्यांनी बाजूला केली. आत खिडकी होती. वेल्डरनं गजांभोवती गुंडाळलेलं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

ती तिथंच फळीवर बसली.

"बसवलीच नाहीत?"

"खलाशी कुरकुरत होते. मासळी जाईल म्हणाले. मलाही वाटलं, उगाच आधीपासून कशाला? पहिलं पाकट आलं की त्याच दिवशी बसवू. आईशप्पथ, मनात तेच होतं."

रागानं तिचे डोळे भरून आले. बंदरातल्या या एकाच माणसावर तिनं डोळे मिटून विश्वास टाकला होता.

"मग पहिलं पाकट आलं तेव्हा का नाही बसवलीत?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"आलं कुठे अजून?"