बाबांची पट्टी

माझा विषय बासरी, पण आमच्या संगीताच्या कॉलेजात पियानोची परीक्षा सगळ्यांनाच सक्तीची. मी घरी सरावाला बसले, की शिलाई मशीनवरून बाबांनी गायलाच हवं, आणि दर कडव्याला त्यांची पट्टी घसरायलाच हवी! मग चरफडत, बोटं सरकवत मी त्यांच्यामागे धावायचे. आज निघताना सुनावलंच, "नापास झाले तर तुमच्यामुळे!"

परीक्षेत बाई म्हणाल्या, "हेच गाणं आता एक पट्टी खाली वाजव." वाजवलं. "आता दोन वर." तेही वाजवलं.

बाईंनी चष्मा काढला. "इथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. तू कुणाकडे शिकलीस गं?"

मी ऐटीत म्हणाले, "एका शिंप्याकडे!"