नळाची वेळ

बादलीची कडी खणकन खाली पडली आणि सुवर्णा ताडकन उभी राहिली.

"पाणी आलं! कस्तुरी, सरक, हंडा घेऊ दे मला..."

होडी एका अंगाला कलली. "ओ ताई, बसा खाली!" होडीवाला ओरडला. तळाला साचलेलं पाणी उपसून त्यानं बादली आत्ताच खाली ठेवली होती. मोहिनीनं दंड धरून सुवर्णाला खाली ओढलं.

चहूकडे समुद्र होता. पाणी उपसायला म्हणून इंजिन बंद केलेलं. मग आशाला हसू आवरेना.

"अगं बाई, सातपूरचा नळ हिनं थेट दापोलीच्या समुद्रात सोडला की!"

"भर आता पाहिजे तेवढं," मोहिनी म्हणाली. "पहाटे चारला उठायला नको, काही नको."

सुवर्णाही हसली. ओढणीनं तोंड पुसलं. तेवढ्यात तिचं लक्ष समोर गेलं. निघताना मागं पडलेली सुरूची झाडं आता समोर उभी होती. होडी कधीच परत फिरली होती.

"डॉल्फिन?" तिनं विचारलं.

आशानं मोहिनीकडं बघितलं.

"दिसले ना," आशा हळूच म्हणाली. "तीन होते."

शिमगा झाला की समुद्रावर जायचं, असं या तिघी मैत्रिणी सहा वर्षं नुसतं म्हणत होत्या. दर वर्षी सुवर्णाचंच अडायचं. यंदा एकदाचं जमलं. नाशिकहून येताना लेकीला मांडीवर घेऊन ती ट्रॅक्स गाडीत रात्रभर टक्क जागी होती. होडीत पाय ठेवतानाच तिनं बजावलं होतं, 'डोळा लागला तर चिमटा काढा, पण मला डॉल्फिन दाखवा.'

"मग उठवलं का नाही गं?" आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला.

"उठवत होतो की!" मोहिनी म्हणाली. " तुझी लेक हात लावू देईल तर शपथ. आम्ही सगळे तिकडं बघतोय, आणि ही डॉल्फिनकडं पाठ करून बसलेली. तासभर!"

कस्तुरी अजून तशीच बसली होती, आईकडे तोंड करून. पाच वर्षांची पोर. स्वतःची टोपी काढून तिनं दोन्ही हातांनी वर धरली होती. टोपीची सावली सुवर्णाच्या डोळ्यांवर पडत होती, आणि पोरीचे गाल उन्हानं लालबुंद झाले होते.

"वेडाबाई, तुलाही बघायचे होते ना डॉल्फिन?" सुवर्णानं टोपी तिच्या डोक्यावर घातली.

"ते माझ्या पुस्तकात आहेत," कस्तुरी म्हणाली. "तुला झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं."

मग अवघडलेले हात झटकत तिनं विचारलं, "आई, घरी तू केव्हा झोपतेस?"