लांबलेली तिन्हीसांज

चंद्राच्या पोटातल्या त्या वस्तीत संध्याकाळ करायचं काम दाजिबांचं. वस्तीवरच्या काचेच्या छतात क्रोमियमचं नारिंगी पाणी दिवसभर झुळझुळायचं. दाजिबा त्यात अल्कोहोल सोडत, त्याचे बंध तुटत तसतसं नारिंगी हळूहळू विरत जाई, आणि सगळं छत हिरवं झालं की रात्र.

त्यांची लेक शलाका आज गुरू ग्रहाकडे निघाली होती, परत न येण्यासाठी. पण तिन्हीसांजेला घराबाहेर पडायचं नाही, ही पृथ्वीवरची रीत वस्तीनं जिवापाड जपली होती. यानसुद्धा छत हिरवं व्हायची वाट बघत थांबे.

बॅग खांद्याला अडकवून शलाका कधीची दारात उभी होती. छत अजूनही पिकल्या पपईसारखं उजळत होतं, आणि त्या उजेडात सगळी वस्ती अर्धवट झोपेत असल्यासारखी तरंगत होती.

“बाबा, आज जड हायड्रोजनचं अल्कोहोल सोडलंत ना? त्याचे बंध लवकर तुटत नाहीत.”

“तुटतात गं,” दाजिबा वर न बघताच म्हणाले. “जरा वेळ लागतो, एवढंच.”

छताच्या लांबच्या कोपऱ्यात हिरवी कड उमटली होती. ती बाबांना दिसायच्या आत शलाकानं बॅग खाली ठेवली आणि त्या बाजूची खिडकी लावून घेतली.