सतरावी खूण

दुपारचा खेळ अर्ध्यावर आला तेव्हा गुरुजींच्या वहीत पंधरा खुणा झाल्या होत्या. सिनेमा त्यांच्या धर्मग्रंथावरचा होता, आणि तो ग्रंथ गावोगाव जाऊन मोठ्यानं वाचण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. भाविकांना सिनेमा बघू द्यायचा की नाही, हे वाचनमंडळाचे चिटणीस आज त्यांनाच विचारणार होते. म्हणून ग्रंथाशी न जुळणारं काही दिसलं, की अंधारातच पेन्सिलीची एक खूण.

बारा दिवसांच्या वाचनावरून ते सकाळीच परतले होते. पाय सुजलेले, घसा बसलेला. शेजारी बायको होती. दोघांची तिकिटं तिनंच काढून ठेवली होती.

"हा घोडा ग्रंथात नाही," गुरुजी पुटपुटले.

"अहो, घोडा तरी असू द्या. सगळं पायी म्हटलं तर उद्यापर्यंत बसावं लागेल."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. गुरुजींनी सोळावी खूण केलीच. खरं तर राग यायचंही त्राण उरलं नव्हतं. यापुढचं दुसऱ्या कुणीतरी वाचावं आणि आपण डोळे मिटून पडावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

पडद्यावर ग्रंथाचा नायक, महात्मा, घर सोडून निघाला. हा भाग गुरुजींना झोपेतही पाठ होता. 'तो सत्याच्या शोधात निघाला आणि त्याची पत्नी घरी राहिली.' तिच्याविषयी ग्रंथात एवढंच. ही ओळ ते एका दमात वाचत आणि थेट अरण्यात पोचत. श्रोतेही तिथे सावरून बसत, कारण खरी रंगत अरण्यातच होती.

सिनेमा मात्र काही केल्या अरण्यात जाईना. ती बाई दाराला कडी लावत होती. तिनं दोन ताटं घेतली, एक परत ठेवलं. तापानं फणफणलेल्या मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलली. छत गळत होतं तिथे भांडं सरकवलं आणि त्याच्याशेजारीच भिंतीला टेकून बसली. बराच वेळ नुसती बसून राहिली.

गुरुजींनी पेन्सिल उचलली. "हे ग्रंथात नाही."

"माहितीये," बायको म्हणाली. "म्हणून तर तिसऱ्यांदा आलेय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी पडद्याकडे बघत होती. पुढे अरण्य आलं, साधू आले, परीटघडीचे कपडे घालून आले, पण वहीत काही उमटलं नाही.

सिनेमा सुटला आणि जिन्यातच चिटणिसांचा फोन आला. "काय गुरुजी, चुका किती?"

"सोळा."

"मग लोकांना नको म्हणून कळवतो."

बायको पुढे गेली होती. कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. तिचेही गुडघे दुखतात, हे गुरुजींना आज दिसलं.

"जाऊ द्या लोकांना," ते म्हणाले. "सतरावी चूक माझी आहे. एक ओळ मी फार घाईत वाचत आलो."

"कुठली हो?" चिटणिसांनी विचारलं.

गुरुजी ती नेहमीसारखी एका दमात म्हणायला गेले, आणि 'पत्नी'पाशीच त्यांचा दम संपला.